दान्साचा ठेका पायात उतरेपर्यंत

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे गायक-गिटारवादक हबीब कोइते पुढच्या महिन्यात पॅरिसला गायला येताहेत. तिकीट हातात पडलं त्याच संध्याकाळी मी ठरवलं, की या वेळी नुसतं जाऊन बसायचं नाही. त्यांच्या गाण्यातला दान्सा नावाचा ठेका आधी आपल्या हाताला आणि पायाला ओळखीचा करून घ्यायचा. गिटार मला बऱ्यापैकी वाजवता येते, नाशिकला असताना काही वर्षं गाणंही शिकले होते. आणि राहते मी माँत्रईत, पॅरिसच्या पूर्वेला, नऊ नंबरच्या मेट्रोच्या शेवटच्या टोकाला. मालीतून आलेली माणसं इतक्या मोठ्या संख्येने एका जागी राहतात अशी गावं युरोपात फार नाहीत. शिकवणारं कोणीतरी इथे नक्की मिळणार होतं.

कोइतेंचं नाव ऐकलं नसलं, तरी त्यांचा आवाज आपल्याकडे पुष्कळांनी ऐकलेला आहे. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं. त्यात नमुन्यादाखल काही गाणी घालून दिलेली असायची आणि त्यांत कोइते आणि त्यांच्या ‘बामादा’ या वाद्यवृंदाची दोन गाणी होती, ‘इ का बारा’ आणि ‘दिन दिन वो’. दोन्ही १९९५ च्या ‘मुसो को’ या अल्बममधली. नाशिकच्या घरी दादाचा पहिला लॅपटॉप आला तेव्हा नेट धड चालत नव्हतं, गाण्यांची सीडी चुलतभावाकडे अडकलेली, त्यामुळे लॅपटॉपमध्ये जे होतं तेच आम्ही ऐकत राहिलो. आई पोळ्या लाटता लाटता ‘दिन दिन वो’ गुणगुणायची. गाणं कुठल्या देशातलं, भाषा कुठली, गातंय कोण, यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात अशी किती घरं असतील! मालीतल्या एका गायकाचा आवाज असा गावोगावच्या संगणकांतून घरात शिरला आणि त्याचं नाव विचारायचं आपल्याला सुचलंच नाही, याची मला आजही रुखरुख आहे. हे लिहायला बसले त्याचं ते एक कारण.

तर, कोइतेंचा जन्म १९५८ चा, सेनेगलमधल्या थिएस या गावातला. डाकारहून मालीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव, आणि वडील त्याच रेल्वेच्या कामावर होते. मूल काही महिन्यांचं असतानाच कुटुंब पश्चिम मालीतल्या ‘काय’ (Kayes) या शहरात परतलं आणि पुढे राजधानी बामाकोत स्थिरावलं. घराणं खासोंके समाजातल्या ग्रियोंचं. ग्रियो, तिकडच्या भाषेत जेली, म्हणजे पिढीजात गायक-वंशावळकार. घराण्यांचा इतिहास तोंडपाठ ठेवायचा, लग्नाबारशाला गायचं, भांडणं मिटवायला मध्ये पडायचं, ही सगळी त्यांची कामं. आई गायची आणि हबीब तिच्या साथीला गिटार धरायचे. हात तयार झाला तो त्या साथीत. घरच्यांच्या मनात मुलाने इंजिनियर व्हावं असं होतं, पण मामाने आग्रह धरला म्हणून ते बामाकोच्या राष्ट्रीय कला संस्थेत गेले. १९७८ मध्ये, दाखल होऊन जेमतेम सहा महिने झालेले असताना, त्यांच्याकडे संस्थेच्या वाद्यवृंदाचं संचालन आलं. १९८२ मध्ये पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले आणि तिथेच गिटार शिकवायला लागले. ‘बामादा’ १९८८ मधला. १९९१ मध्ये फ्रान्समधल्या पेर्पिन्याँला एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, त्या पैशांतून गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि सिगारेट सोडण्याविषयीच्या त्यांच्या एका गाण्याने पश्चिम आफ्रिकेत नाव केलं.

हे सगळं वाचून कळतं. ठेका वाचून कळत नाही.

शिकवणारे मिळाले ते क्र्वा द शाव्हो चौकातल्या बाजारात, भेंडी निवडताना. माझ्या खांद्यावर गिटार होती. शेजारी उभ्या असलेल्या उंच गृहस्थांनी विचारलं, काय वाजवता? मी कोइतेंचं नाव घेतलं. ते हसले आणि म्हणाले, रविवारी या. ते मूळचे काय शहरातले, कोइते जिथे शिकले आणि शिकवत होते त्याच संस्थेत शिकलेले. इथे दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात आणि रविवारी नगरपालिकेच्या एका खोलीत गिटार आणि ढोल शिकवतात. सगळे त्यांना ‘कारामोगो’ म्हणतात, मालीतल्या बांबारा भाषेत गुरुजींना म्हणतात तसं. मीही तेच म्हणते.

काय शहर आणि माँत्रई यांचं नातं जुनं आहे. १९६० च्या दशकापासून काय प्रांतातल्या गावांमधून तरुण मुलं फ्रान्सच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर आली, कामगारांच्या वसतिगृहांत खाटेला खाट लावून राहिली आणि दर महिन्याला गावी पैसे पाठवत राहिली. त्या पैशांतून तिकडे विहिरी खोदल्या गेल्या, शाळा आणि दवाखाने उभे राहिले. दान्सा हा त्याच प्रांतातला, खासोंके लोकांचा ठेका आणि नाच. त्यामुळे मी ज्या चालीच्या मागे लागले होते, ती माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर लग्नाच्या हॉलमध्ये शनिवार-शनिवारी वाजत होती.

वर्गात गेल्यावर पहिलं शिकायचं ते म्हणजे अभिवादन. मालीत कामाला हात घालण्याआधी एकमेकांची विचारपूस पुरी व्हावी लागते. रात्र सुखाची गेली का? घरचे बरे आहेत का? मुलं? आई-वडील? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच, ‘हेरे दोरोन’, सगळं क्षेमकुशल. नमस्काराला पुरुष ‘न्बा’ म्हणून उत्तर देतात आणि बाया ‘न्से’. घाईघाईत ‘बाँझूर’ म्हणून गिटारची पेटी उघडली, तर कारामोगो शांतपणे थांबून राहतात. विचारपूस झाली की मगच तारेला हात. सुरुवातीला मला वाटलं, तासाभराच्या वर्गातली इतकी मिनिटं यात जाताहेत. पुढे लक्षात आलं की प्रश्नामागून प्रश्न आणि त्याच त्या उत्तराची ही लय गाण्यातही आहे. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी तेवढ्याच मापात उत्तर द्यायचं, कोणी कोणाच्या पुढे पळायचं नाही.

मग गिटार. कारामोगोंनी डाव्या हाताला सुट्टीच दिली. म्हणाले, तारा मोकळ्या ठेवा आणि नुसत्या उजव्या हाताने एकेक छेडा. गिटार नेहमीसारखी लावलेली असली, तर सहा मोकळ्या तारांतून फक्त पाच सूर निघतात, कारण पहिल्या आणि सहाव्या तारेचा सूर एकच. ते पाच सूर मी क्रमाने गुणगुणून पाहिले. तिसऱ्या तारेला षड्ज मानलं तर सा रे ग प ध. भूप! सहाव्या तारेला षड्ज मानलं तर कोमल गंधार आणि कोमल निषाद घेऊन धानी उभा राहतो. इतकी वर्षं हे वाद्य मांडीवर घेऊन बसले, कॉर्ड धरत राहिले आणि त्याच्या पोटात हे दोन राग नुसतेच पडून आहेत याकडे कधी कान गेला नव्हता. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला फोनवर ते वाजवून दाखवलं.

कोइते वाजवतात ते याच वाटेने, पण पुढे जाऊन. ते गिटार पंचस्वरी लावतात आणि मोकळ्या तारांवर बराच वेळ राहतात, कारण त्यांच्या मनात गिटार नसून कामाले न्गोनी असते. न्गोनी हे वासुलू भागातलं भोपळ्याचं तंतुवाद्य. शिकाऱ्यांच्या न्गोनीवरून तरुण पोरांनी विसाव्या शतकात हे हलकं, चपळ वाद्य काढलं. कोइतेंचे आजोबा ते वाजवायचे. न्गोनीवर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या चालतात. तार दाबायची सोय नाही, जी लावली तीच वाजणार. गिटारवर आल्यावर अंगठा खालच्या तारांवर चालत राहतो आणि तर्जनी वरच्या तारांवर, आणि एकटा माणूस वाजवत असूनही दोघांची जुगलबंदी चालल्यासारखी वाटते. कोइते नायलॉनच्या तारा वापरतात. पोलादी तारेचा चकाकता नाद तिथे नाही. टोक गोलसर, किंचित दबलेलं, आणि सूर विरायच्या आत पुढचा येऊन भिडणारा.

कारामोगो आधी एक छोटा तुकडा देतात आणि तोच वाजवत राहायला सांगतात. कोरा या तिकडच्या तंतुवाद्याचे वादक अशा पायाभूत आवर्तनाला कुंबेन्गो म्हणतात आणि त्यावरून सुटणाऱ्या वेगवान ताना-लडींना बिरिमिंतिंगो. ज्याने तबल्याचा सोलो ऐकलाय त्याला कुंबेन्गो म्हणजे काय हे लगेच कळेल. आपला लेहराच तो! लेहरा धरणाऱ्याचं काम दिसायला सोपं, आणि आख्खा डोलारा त्याच्यावर. फरक एवढाच, की इथे लेहरा धरणारा आणि त्यावर खेळणारा अनेकदा एकच माणूस असतो आणि वर तो गातोही.

तो तुकडा बोटांत बसायला मला वेळ लागला नाही. खरी अडचण पुढे सुरू झाली. मी वाजवते ते सूर बरोबर, गती बरोबर, तरी कारामोगो मान हलवायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांनी एक वयस्कर बाई आणून बसवल्या. त्यांना सगळे ‘तांती’ म्हणतात, म्हणजे मावशी. भरजरी बाज़ें कापडाचा निळा बुबू, म्हणजे पायघोळ झगा, डोक्याला त्याच कापडाचा फेटा, हातात सुपारीएवढी कोला बोंडं. तांती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, थोडा वेळ ऐकलं आणि टाळ्या द्यायला लागल्या. त्यांची पहिली टाळी पडली आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी ज्याला सम धरून चालले होते तिथे त्यांचं काहीच नव्हतं. माझा तुकडा जिथून सुरू होतो ती सम नव्हतीच; सम त्याच्या आधी, मोकळ्या जागेत पडत होती आणि तुकडा तिच्या मागून उडी मारून आत येत होता. सूर तेच, बोटं तीच, आणि टाळी बदलल्याबरोबर गाणंच वेगळं झालं. जे आतापर्यंत गोड आणि संथ वाटत होतं ते एकदम नाचायला लागलं.

इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण कोइतेंच्या गाण्याबद्दल नेहमी असं म्हटलं जातं की ते शांत आहे, कानाला सुखद आहे, रविवारच्या सकाळी लावावं असं आहे. ते खोटं नाही. त्यांचा गळा खालच्या पट्टीत, न ओरडता, जवळ बसून बोलल्यासारखा चालतो. ग्रियो बायकांचा खणखणीत, चौकभर पोचणारा आवाज ऐकलेल्या माणसाला तो फारच सौम्य वाटेल. पण त्या सौम्यपणाखाली जे चाललेलं असतं ते टाळी चुकीच्या जागी धरून ऐकणाऱ्याला कधी ऐकूच येत नाही. मी किती वर्षं ते गाणं उलट्या बाजूने ऐकत होते! व्हिस्टातून ऐकणारे आपण सगळेच कदाचित तसंच ऐकत आलो असू.

तांतींनी नंतर मला गिटार खाली ठेवायला लावली. उभं केलं. उजवा पाय, डावा पाय, खांदे सैल. ‘मोजू नकोस, न देन,’ म्हणाल्या. न देन म्हणजे माझं लेकरू. मी सवयीने बोटांच्या पेरांवर मात्रा धरत होते, ते त्यांनी हात धरून सोडवलं. त्यांच्या हातांचा खरखरीत, उबदार स्पर्श आणि ‘मोजू नकोस’ हे शब्द अजून लक्षात आहेत. मग खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाने ढोलाला हात घातला. खासोंके ढोल गळ्यात आडवा अडकवतात. एका हातात टोकाला वाकवलेली काठी, दुसऱ्या हातात छोटी लोखंडी घंटा. काठी मोठा घुमारा काढते आणि घंटा वर बारीक बोलत राहते. पावलं ढोलाबरोबर पडायची, आणि घंटा मध्येच, पाऊल हवेत असताना.

ठोका चार पावलांचा. पण एका ठोक्याचे पुढे जे तुकडे होतात ते सारख्या मापाचे नसतात. एक आखूड, एक त्याहून जरा लांब. आपल्याकडे दुगुन-तिगुन शिकवताना मात्रेचे समान भाग करायला शिकवतात, आणि गिटारवाल्यांना मेट्रोनोमही तेच शिकवतो. इथे ते कामाला येत नाही. ऐकताना वाटतं वाजवणारा थोडा ढिला आहे, थोडा झोके घेतोय. तसं मुळीच नाही. दर वेळी तितकंच आखूड आणि तितकंच लांब, काट्यावर तोलून दिल्यासारखं. बामाकोच्या ढोलवादकांची ध्वनिमुद्रणं सूक्ष्मपणे मोजून संशोधकांनी हे दाखवून दिलं आहे: ही असमानता अपघाताची नसून ठरलेली आहे, तीच त्या ठेक्याची ओळख आहे. तांतींना हे मोजमाप ठाऊक असण्याचं काही कारण नाही, पण ढोलवाल्या मुलाचा हात एकदा जरासा समान भागांकडे घसरला तेव्हा त्यांनी लगेच जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं.

त्या दिवसापासून माझा रियाझ बदलला. सकाळी कामावर जाताना मेट्रोत गाणं कानात आणि पाय बुटाच्या आत चालू. घरी आल्यावर आधी पावलं, मग टाळी, मग टाळीवर गुणगुणणं आणि सगळ्यांत शेवटी गिटार. गिटार शेवटी घेतल्यावर बोटांना काही सांगावं लागत नाही. पाय जिथे नेतो तिथे अंगठा जातो. कामावरून दमून आल्यावर तर हे फारच बरं वाटतं. शेजारीण फ्रेंच आहे, तिने एकदा दारावर टकटक केली. मला वाटलं आवाजाची तक्रार असणार, पण तिने विचारलं की हे काय चाललंय आणि आत येऊन ती पावलं बघत बसली.

वर्गानंतर चहा होतो. छोट्या निळ्या किटलीत हिरवा चहा, साखर भरपूर, लांबून धार धरून ग्लासात ओतायचा आणि परत किटलीत. त्याच पत्तीवर तीन फेऱ्या. पहिली कडू आणि शेवटची गोडमिट्ट. घाई असलेल्या माणसाने पहिल्या फेरीनंतर उठून जाणं बरं दिसत नाही. या चहाच्या वेळी मला आडनावही मिळालं. मालीत आडनावांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि त्या जोडीतल्यांनी एकमेकांची थट्टा करायची, समोरच्याने रागवायचं नाही, असा शिरस्ता आहे. सनंकुया म्हणतात त्याला. तो मांदेच्या, म्हणजे मालीच्या जुन्या साम्राज्यापासून चालत आलाय असं सगळे सांगतात. तांती त्राओरे आहेत, म्हणून त्यांनी मला त्राओरे केलं. त्याच क्षणी ढोलवाला मुलगा, जो जारा आहे, ओरडला, ‘चवळी खाणारे!’ जारांनी त्राओरेंना आणि त्राओरेंनी जारांना चवळी खाणारे म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टा. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे चवळीची उसळ आवडीने खातात आणि पुढच्या रविवारी डबा भरून घेऊन येते. नेली. जारांनीच जास्त खाल्ली. माझ्यासारख्या परक्या बाईलाही खोलीत जागा मिळाली ती त्या आडनावामुळे. त्यानंतर माझ्या वाजवण्यावर सगळे मोकळेपणाने बोलायला लागले, आणि ते मला हवंच होतं.

मैफलीची गोष्ट निघाली की खोलीत एक काळजीचा सूर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्सने बामाकोतलं व्हिसाचं काम थांबवलं आणि त्यानंतरच्या महिन्यात फ्रान्समधल्या सांस्कृतिक संस्थांना माली, नायजर आणि बुर्किना फासो या देशांतल्या कलावंतांबरोबरचं काम थांबवण्याची सरकारी सूचना गेली. त्यावर इथल्या रंगभूमी आणि संगीतवाल्यांनी एवढा गदारोळ केला की सरकारला सारवासारव करावी लागली. पण तेव्हापासून मालीतल्या कलावंताचं नाव जाहिरातीत दिसलं, तरी तो प्रत्यक्ष मंचावर उभा राहीपर्यंत कोणी सुटकेचा श्वास सोडत नाही. २०२५ च्या शरदात हत्यारबंद जिहादी गटांनी बामाकोकडे येणारे इंधनाचे टँकर अडवले, पंपांवर रात्रंदिवस रांगा लागल्या, देशभरच्या शाळा ऑक्टोबरच्या अखेरीपासून दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांत कारामोगो वर्ग घ्यायचे, पण फोन समोर उपडा ठेवलेला असायचा. आणि हेही विसरता येत नाही, की २०१२ मध्ये उत्तर माली अशाच गटांच्या ताब्यात गेली होती तेव्हा तिथे संगीतावरच बंदी घातली गेली. वाद्यं जाळली गेली, गायकांना पळून जावं लागलं. ज्या देशात आपल्या घराण्याचा इतिहास गाण्यातून सांगतात त्या देशात ही बंदी काय होती, हे मला तांतींच्या चेहऱ्याकडे बघून जास्त समजलं.

या वेळच्या कार्यक्रमात कोइतेंबरोबर बाला, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, आणि कोरा आहेत. ‘मांदे सिला’ नावाचं हे त्रिकूट आहे: कोइते, आयव्हरी कोस्टचे बालावादक अली केइता आणि सेनेगलचे कोरावादक लामिन सिसोखो. पूर्वी ‘बामादा’त बाला वाजवायचे ते केलेतिगी जाबाते. ते दोन बाला शेजारी मांडायचे, अर्ध्या सुराच्या अंतराने लावलेले, त्यामुळे त्यांच्या हाताशी सगळेच्या सगळे बारा सूर असायचे. २०१२ मध्ये ते गेले. आमच्या कारामोगोंनी त्यांना जवळून ऐकलंय आणि त्यांचं नाव निघालं की ते उजव्या हाताने हवेत लाकडी पट्ट्या वाजवून दाखवतात.

कार्यक्रमाआधी बाला जवळून पाहायचा म्हणून कारामोगो आम्हाला एका ओळखीच्या वादकाच्या घरी घेऊन गेले. लाकडाच्या पट्ट्या चामड्याच्या वादीने बांधलेल्या, प्रत्येक पट्टीखाली एक वाळलेला भोपळा, लहान-मोठा, सुराप्रमाणे. भोपळ्याला एक भोक आणि त्यावर पातळ पापुद्रा ताणून चिकटवलेला. पूर्वी तो कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा असायचा; आता सिगारेटचा कागद किंवा पातळ प्लॅस्टिक चालतं. पट्टी वाजली की तो पापुद्रा थरथरतो आणि सुराला एक बारीक झणकार चिकटून येतो. मी एक पट्टी वाजवली आणि लगेच तंबोऱ्याची जवारी आठवली. आपण दोरा सरकवून सरकवून तीच झणकार शोधत असतो. ज्यांनी रेकॉर्डवर बाला ऐकून ‘आवाज फाटतोय’ असं म्हटलं असेल त्यांना माझं सांगणं आहे, तो फाटत नाही. तो झणकार घालायला कोणीतरी फार कष्ट घेतलेले आहेत. त्या घरी जेवायला माफे होतं, शेंगदाण्याच्या दाट रश्शातलं मांस आणि वर भात. जेवताना सगळे एका परातीभोवती बसलो.

आता कार्यक्रमाची तयारी वेगळ्याच पातळीवर गेली आहे. तांतींनी सगळ्यांसाठी एकाच थानातलं कापड आणलंय. बायकांचे बुबू शिवायला टाकलेत, माझ्याही मापाचा एक आहे. सभागृहात खुर्च्या आहेत, पण पुढची मोकळी जागा नाचायला ठेवलेली असते, आम्ही तिथे उभे राहणार. ग्रियोचं गाणं मनाला भिडलं तर उठून त्याच्याजवळ जाऊन नोट द्यायची, त्याच्या कपाळाला लावायची, ही तिकडची रीत. फ्रेंच सभागृहात ती चालेल की नाही यावर वर्गात बराच खल झाला. तांतींचं म्हणणं स्पष्ट आहे: गाणं आपलं आहे, तर रीतही आपलीच चालणार. त्यांनी कोऱ्या नोटा बाजूला काढून ठेवल्यात. मी माझ्या पर्समध्ये एक ठेवली आहे.

ज्यांना कोइते ऐकायला सुरुवात करायची असेल त्यांनी ‘मुसो को’पासून करावी, मग २००१ चा ‘बारो’ घ्यावा आणि नंतर २००७ चा ‘आफ्रिकी’. ऐकताना शब्द कळत नाहीत म्हणून अडून बसू नये. उभं राहून ऐकावं, चार पावलं टाकावीत आणि ढोल किंवा कॅलाबॅश (भोपळ्याचं तालवाद्य) कुठे पडतोय ते पायाने शोधावं. सापडलं की तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावावं.

माझं एक काम अजून राहिलंय. कोइते स्वतःच्या शैलीला ‘दान्सा दोसो’ म्हणतात. दान्सा काय प्रांतातला, आणि दोसो म्हणजे शिकाऱ्यांचं संगीत, जास्त जड पावलांचं, रात्रीच्या वेळचं. एकातून दुसऱ्यात जाताना जो सांधा येतो तो मला अजून पेलत नाही; अंगठा आधी पोचतो आणि पाय मागे राहतो. कारामोगो म्हणतात, तिथे वजन टाचेवर घ्यायचं असतं. तांतींना ते मान्य नाही, त्यांच्या मते वजन गुडघ्यात. या रविवारी दोघं मिळून करून दाखवणार आहेत आणि ढोल जाराकडे आहे.